अजिंठ्याची भिंत आणि छापखान्याचा चेहरा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्या बाईंनी आयुष्यभर मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली. त्यांच्या कितीतरी विद्यार्थिनी आज समोर बसल्या आहेत. त्यामुळे विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही. बाईने कसे दिसावे हे आपल्या समाजाने वेळोवेळी कसे ठरवले आणि त्यात शिल्पांचा, चित्रांचा, रंगभूमीचा, छापखान्याचा वाटा किती होता, याबद्दल मी बोलणार आहे. विषय जगभर पसरलेला आहे, पण मी महाराष्ट्राबाहेर फारशी जाणार नाही. आपल्याकडे या विषयाचा दोन हजार वर्षांचा पुरावा आहे आणि तो दगडात, हस्तिदंतात, रंगांत आणि कागदावर अजून डोळ्यांना दिसतो.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. सौंदर्याची कल्पना काळानुसार बदलते, हे सगळेच मान्य करतात. पण ती आपोआप बदलत नाही. चित्र कोण काढतो, ते किती घरांत पोचते, त्याच्या जोरावर कोणाचा माल खपतो आणि नटण्याचा हक्क समाज कोणाला देतो, यावर ती ठरते. ही चार सूत्रे हातात धरून आपण तेरपासून आजच्या लग्नाच्या बायोडेटापर्यंत येऊ.

धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे सातवाहनांच्या काळातले तगर. रोमन व्यापाऱ्यांनाही हे गाव ठाऊक होते. तिथल्या लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी जवळचे नाते सांगणारी मूर्ती १९३८ मध्ये इटलीत, पॉम्पेईच्या उत्खननात सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि ते शहर राखेखाली गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली होती. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही याच घडणीची हस्तिदंती स्त्री मिळाली. त्यामुळे पॉम्पेईची मूर्ती आपल्याच भागात कोरली गेली असावी, असे मानणारे अभ्यासक आहेत.

आज नेपल्सच्या संग्रहालयात असलेली ही मूर्ती वीतभर उंच आहे. एका पायाभोवती दुसरा पाय घेऊन ती उभी आहे. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, घोट्यापासून पोटरीपर्यंत वाळे, गळ्यात भरगच्च हार, कमरेवर मेखला. दोन बाजूंना दोन छोट्या सेविका प्रसाधनाचे सामान घेऊन उभ्या आहेत. मूर्तीच्या डोक्यात वरून खाली भोक पाडलेले आहे. त्यावरून ती आरशाची मूठ असावी, असा एक तर्क आहे. तसे असेल तर कुणी रोमन स्त्री स्वतःचा चेहरा पाहताना हातात आपल्याकडच्या बाईचे रूप धरत होती.

तिची अंगलट लक्षात घ्या. मांड्या भरदार, नितंब रुंद, छाती भरलेली. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर जी स्त्रीपुरुषांची जोडपी कोरली आहेत, त्यांतल्या स्त्रियाही अशाच आहेत. त्या पुरुषाच्या खांद्याला खांदा लावून, पायांत जाड वाळे घालून उभ्या आहेत. त्यांनी नजर खाली घातलेली नाही. शेती आणि व्यापार यांवर उभ्या असलेल्या त्या समाजात भरलेले अंग ही समृद्धीची खूण होती. पीक चांगले आले, घरात धान्य आहे, बाई निरोगी आहे, हे सगळे त्या अंगलटीतून वाचले जात होते. आज वजन घटवण्याच्या जाहिरातीत 'आधी' म्हणून ज्या बाईचा फोटो छापतात, ती दोन हजार वर्षांपूर्वी कार्ल्याच्या शिल्पकाराला आदर्श वाटली असती.

याच काळाशी नाव जोडलेला आपला मोठा ग्रंथ म्हणजे हाल राजाची 'गाथासप्तशती', महाराष्ट्री प्राकृतातली. तिच्यातल्या बायका शेतात राबतात, नदीवर जातात, रुसतात, भांडतात, प्रेम करतात. एका गाथेत स्वयंपाकघरात राबणाऱ्या गृहिणीचा काजळी लागलेला हात चुकून तोंडाला लागतो आणि तोंडावर डाग पडतो. नवरा हसतो, कारण तो चेहरा आता चंद्राच्या जोडीला जाऊन बसला आहे. कामाने मळलेल्या तोंडाचे कौतुक करणारी ही नजर आपल्याच भूमीतली आहे. आपण ती विसरलो, एवढेच.

आता अजिंठ्याकडे वळू. इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

अजिंठ्याची लेणी इसवी सनापूर्वीपासून खोदली जात होती, पण आज आपण जी चित्रे डोळ्यांत साठवून येतो त्यांतली बहुतेक पाचव्या शतकातली, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातली आहेत. खडकावर माती, भाताचे तूस आणि तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि त्यावर रंग. रंगही बहुतेक जवळपासचेच: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुन्याचा पांढरा, दिव्याची काजळी. निळ्यासाठी तेवढा लाजवर्द दगड दुरून आणलेला.

पहिल्या लेण्यात बोधिसत्त्व पद्मपाणीच्या शेजारी एक स्त्री उभी आहे. तिचा वर्ण काळसर आहे आणि डोक्यावर मुकुट आहे. तिला 'कृष्ण राजकन्या' असेच म्हणतात. तिच्या चेहऱ्याजवळ नजर नेली की चित्रकाराने काय केले ते कळते. गडद त्वचेवर नाकाच्या दांडीवर, ओठावर, हनुवटीवर त्याने उजळ रंगाचे बारीक फटकारे दिले आहेत. त्यामुळे काळ्या वर्णाची कांती उजेडात आल्यासारखी चमकते. चित्रकाराने तो वर्ण फिकट केलेला नाही, आहे त्या वर्णाचे तेज शोधून काढले आहे. काळ्या त्वचेवर प्रकाश कसा पडतो याचा इतका अभ्यास तो करतो, याचा अर्थ ती त्वचा त्याला डोळे भरून पाहण्यासारखी वाटली.

सतराव्या लेण्यात प्रसाधनात गुंतलेली एक राजस्त्री आहे. हातात गोल आरसा आहे आणि सेविका तबक व चवरी घेऊन उभ्या आहेत. या लेण्यांतून फिरताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते. एकाच भिंतीवर गोऱ्या, गव्हाळ, तांबूस, हिरवट छटेच्या सावळ्या आणि थेट काळ्या स्त्रिया शेजारीशेजारी बसल्या आहेत. वर्णावरून राणी कोण आणि दासी कोण हे ओळखता येत नाही. ते ओळखायचे तर मुकुट पाहावा लागतो, आसन पाहावे लागते.

अजिंठा म्हणजे समतेचे राज्य होते, असे मी म्हणणार नाही. त्या भिंतींवर वय जवळजवळ एकच आहे, तारुण्य. कंबर बहुतेक ठिकाणी बारीक आहे. राबणाऱ्या हातांपेक्षा विसावलेले हात जास्त आहेत. लेणी राजे आणि अमात्य यांच्या दानातून झाली आणि त्यांच्या दरबाराचे जग त्यांत उतरले. तरीही वर्णाच्या बाबतीत त्या चित्रकारांचे मन आपल्यापेक्षा मोकळे होते. महाभारतातल्या द्रौपदीचे एक नाव 'कृष्णा' आहे आणि ते तिच्या वर्णावरून पडलेले आहे. ज्या संस्कृतीने आपली सर्वांत तेजस्वी नायिका काळी कल्पिली, तिच्याच वारसांनी काळ्या मुलीच्या जन्माचे दुःख करावे, याची संगती लावणे आपल्याला भाग आहे.

ती संगती लावण्याआधी माझ्या चौथ्या सूत्राबद्दल, नटण्याच्या हक्काबद्दल बोलले पाहिजे. कलेच्या इतिहासात ते सहसा येत नाही, कारण ज्यांना सुंदर दिसायची मनाई होती त्यांची चित्रे काढली गेली नाहीत.

एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात उच्चवर्णीय घरात नवरा वारला की बाईचे केस उतरवले जात. कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, तांबडे आलवण नेसायचे आणि पुढचे सगळे आयुष्य घराच्या अंधाऱ्या भागात काढायचे. यांतल्या कित्येकींनी वयाची विशीही पाहिलेली नसे. केस हा स्त्रीसौंदर्याचा पहिला मानबिंदू. समाजाने शिक्षा करताना नेमका त्याच्यावर वस्तरा चालवला. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार केला. सौंदर्याच्या इतिहासात मी या निर्धाराला मोठ्या चित्रकाराच्या कामाइतके महत्त्व देते. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाईंशी, म्हणजे पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेलेल्या विधवेशी, पुनर्विवाह केला आणि विधवेच्या कपाळावर पुन्हा कुंकू आले. ही लढाई अजून संपलेली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव मे २०२२ मध्ये करावा लागला. त्यानंतर राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करायला सांगितले.

दुसरी मनाई जातीची. कोणी कुठला दागिना घालायचा, लुगडे कुठवर नेसायचे, याचे नियम गावगाड्याने बांधून दिले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांसमोर भाषण केले. लुगडे नेसण्याची तुमची तऱ्हा आणि कोपरापर्यंतचे जड दागिने ही अस्पृश्यतेची ओळख झाली आहे, ती टाकून द्या, नीटनेटक्या राहा आणि मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. स्त्रियांनी त्याच मुक्कामात नेसण बदलले. वरवर पाहता ही कपड्यांची गोष्ट आहे. पण माझ्या माहितीत आपल्याकडे पेहरावाबद्दल झालेले हे सर्वांत राजकीय भाषण आहे. बाबासाहेबांनी ओळखले होते की बाईच्या अंगावरचा कपडा पाहणाऱ्याला तिची जागा सांगतो. जागा नाकारायची असेल तर ती खूण आधी उतरवली पाहिजे.

आता दुसऱ्या सूत्राकडे, म्हणजे छापखान्याकडे येऊ. अजिंठ्याच्या अनेक वर्णांचा एक चेहरा कसा झाला, याचे उत्तर बरेचसे इथे सापडते.

राजा रविवर्मा केरळचे. बडोद्याच्या महाराजांसाठी पौराणिक चित्रे काढण्याआधी त्यांनी देशभर प्रवास केला. देवींना आणि पुराणातल्या नायिकांना कुठला वेश द्यावा, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. उत्तर म्हणून त्यांच्या कितीतरी चित्रांत आपल्याकडचे नऊवारी लुगडे आले. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरगावात शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पहिले छापील चित्र शकुंतलेच्या जन्माचे होते. या तंत्रात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो. एका दगडावर पिवळा, दुसऱ्यावर गुलाबी, तिसऱ्यावर निळा, असे एकावर एक छाप घेत चित्र पुरे होते. हजारो प्रती निघतात आणि सगळ्यांत चेहरा तोच.

रविवर्म्यांचे ऋण मोठे आहे. ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्या घरात रविवर्म्यांच्या चित्रांमुळे लक्ष्मी आणि सरस्वती पोचल्या. हे मी मनापासून मानते. पण युरोपीय तैलचित्रणाच्या शिक्षणातून आलेली उजळ, गुलाबीसर कांती, टपोरे डोळे, कोरीव नाक आणि गोल बाहू हेही त्या देवींबरोबर घराघरांत गेले. रविवर्म्यांच्या सैरंध्रीचा, म्हणजे द्रौपदीचा, वर्ण उजळ आहे. अजिंठ्याचे चित्र पाहायला अजिंठ्याला जावे लागे. हे चित्र देवघरात, दुकानात, आगपेटीवर, कापडाच्या ताग्यावरच्या लेबलावर रोज समोर येई. लक्ष्मीचा चेहरा जर एकच असेल, तर 'घरात लक्ष्मी आली' म्हणताना सासू त्या चेहऱ्याशी सुनेची तुलना करणारच.

या छापखान्यात काही काळ काम केलेला एक तरुण पुढे चित्रपटाकडे वळला. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. १९१३ मध्ये त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही आणि ती भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. पण रंगभूमीवर तोवर पुरुषांनी घडवलेल्या स्त्रीरूपाचे राज्य पक्के झाले होते.

त्या राज्याचे नाव बालगंधर्व. नारायण श्रीपाद राजहंस यांची भामिनी १९११ मध्ये 'मानापमान'मध्ये आली, रुक्मिणी १९१६ मध्ये 'स्वयंवर'मध्ये आणि सिंधू १९१९ मध्ये 'एकच प्याला'मध्ये. त्यांचे गाणे हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आज मी त्यांच्या दिसण्याबद्दल बोलते आहे. पदर कसा घ्यावा, मान किती कलवावी, शालू कसा सावरावा, अंबाड्यात फुले कुठे माळावी, हे सुखवस्तू घरातल्या बायका त्यांच्याकडे पाहून शिकल्या. कुलीन बाईने रंगमंचावर पाय ठेवणे पाप समजले जात होते, त्या काळात कुलीन बाईने कसे दिसावे याचा धडा एका पुरुषाने घालून दिला. ते रूप लोभस होते यात शंका नाही. पण त्याला बाळंतपण नव्हते, चूल नव्हती, महिन्याची अडचण नव्हती. पुरुषाच्या मनातली स्त्री पुरुषानेच रंगवली होती आणि खऱ्या बाईला आयुष्यभर तिच्याशी बरोबरी करायची होती. पुढे हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक कंपनी काढली आणि १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या. बाई बाईचा आवाज आणि चेहरा घेऊन रंगमंचावर आली, तरी प्रेक्षकांच्या डोळ्यांतले माप एका दिवसात बदलणार नव्हते.

दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांनी हेच माप पुढे चालवले. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही गोमंतकाच्या मातीतले. त्यांच्या रेषेवर माझे अपार प्रेम आहे. दलालांच्या चित्रातला रंगांचा उत्सव, मुळगावकरांच्या तुषारतंत्राने आलेली मुलायम त्वचा, मराठी मध्यमवर्गाने हे सारे जीव लावून पाहिले. कॅलेंडरे चौकटी करून भिंतींवर लावली. पण त्या मुखपृष्ठांवर शेतमजूर बाई आली तरी तिचे बाहू गोरे आणि नाजूकच असत, हे आज मागे वळून पाहताना म्हणावे लागते.

तिसरे सूत्र बाजाराचे. मुंबईच्या पाटणवाला यांचे 'अफगाण स्नो' १९१९ मधले. १९४१ मध्ये लीला चिटणीस 'लक्स' साबणाच्या जाहिरातीत आल्या, त्यात आलेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री. १९५२ मध्ये टाटांनी 'लॅक्मे' सुरू केली. १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली. आधीची प्रसाधने मुख्यतः टवटवी आणि सुगंध विकत होती. हिने गोरेपणा विकला आणि त्यासाठी एक गोष्ट रचली: सावळ्या मुलीला स्थळ येत नाही, नोकरी मिळत नाही, क्रीम लावल्यावर दोन्ही मिळतात. ती गोष्ट दूरचित्रवाणीवरून वर्षानुवर्षे सांगितली गेली. १९९१ मध्ये अर्थव्यवस्था खुली झाली. १९९४ मध्ये सुश्मिता सेन 'मिस युनिव्हर्स' आणि ऐश्वर्या राय 'मिस वर्ल्ड' झाल्या. त्या दोघींच्या यशाला मी कमी लेखत नाही. पण नेमक्या त्याच वर्षांत परदेशी प्रसाधन कंपन्यांना भारताचा बाजार खुला झाला आणि गोरेपणाच्या जोडीला उंची आणि बारीक बांधाही मापात आला. लहान शहरांतून ब्यूटी पार्लर आणि जिम निघाल्या. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली भूक मारायला शिकल्या.

यात फक्त मन दुखावते असे नाही. झटपट गोरे करण्याचे आमिष दाखवणाऱ्या काही मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल होते, केस उगवतात आणि मलम सोडले की आग होते. आपल्या त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला, तेव्हा २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री थांबवली. काही बेकायदा क्रीममध्ये पारा असतो आणि तो मूत्रपिंडाला इजा करतो. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या परिषदेने सावळ्या व्यक्तीला कमी दाखवायचे नाही असा नियम २०१४ मध्ये केला. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'चे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले. त्याच वर्षी एका मोठ्या विवाहविषयक संकेतस्थळाने वर्णावरून स्थळ शोधण्याची सोय काढून टाकली. बदल होतो आहे. मात्र डब्यावरचे नाव बदलले म्हणून घरातली नजर बदलते असे नाही.

मग नजर कशाने बदलते? पहिल्या सूत्राने. चित्र काढणारा हात बदलला की चित्र बदलते.

अमृता शेरगिल १९३६ मध्ये अजिंठ्याला आली. पॅरिसमध्ये शिकलेल्या त्या तरुण चित्रकर्तीला आपली वाट तिथे सापडली. पुढच्याच वर्षी तिने 'ब्राइड्स टॉयलेट' काढले. प्रसाधनाचाच प्रसंग, पण नटण्याचा आनंद त्यात नाही. नवरीचे मेंदीने रंगलेले हात समोर आहेत, भोवती सावळ्या बायका आहेत आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एक थकलेली शांतता आहे. नटवल्या जाणाऱ्या मुलीला काय वाटत असेल, हा प्रश्न एका बाईने चित्रात आणला.

आपल्या बी. प्रभा नागपूरजवळच्या बेला गावच्या. जे. जे. कला महाविद्यालयात त्या शिकल्या. त्यांनी मुंबईच्या कोळिणी रंगवल्या. उंच, लांबट अंगाच्या, सावळ्या, डोक्यावर वा बाजूला टोपली, आणि बहुधा साऱ्या चित्रावर एकाच रंगाची छाया. त्या पाहणाऱ्याला रिझवायला उभ्या नाहीत, आपल्या विचारात आहेत. कष्टाचे अंग देखणे असते, हे सांगायला त्यांनी ते अंग मऊ केले नाही. पडद्यावर हेच काम स्मिता पाटीलने केले. मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणारी ही सावळी मुलगी १९७७ मध्ये 'जैत रे जैत'मधली ठाकर बाई झाली आणि १९८२ मध्ये 'उंबरठा'तली सुलभा. त्या चेहऱ्याला उजळ करायची गरज कुणा दिग्दर्शकाला वाटली नाही. त्या वर्षांत कितीतरी मराठी मुलींनी आरशात स्वतःकडे पहिल्यांदा विश्वासाने पाहिले असेल.

मला विचारतील, सौंदर्याची आवड असणे यात वाईट काय? काहीच नाही. नथ, पैठणी, अबोलीचा गजरा, दिवाळीच्या पहाटेचे उटणे, हे आपल्या जगण्यातले खरे सुख आहे. पॉम्पेईच्या त्या मूर्तीला दागिन्यांनी मढवणाऱ्या कारागिरालाही ते ठाऊक होते. माझा विरोध नटण्याला नाही. एकाच मापाने सगळ्यांना मोजण्याला आहे. त्या मापात न बसणाऱ्या मुलीला घरातच पहिला अपमान मिळतो, त्याला आहे.

म्हणून शेवटी तीन मागण्या करते आणि त्या सरकारकडे नाहीत, या सभागृहाकडे आहेत.

पहिली लग्नाबद्दल. आपल्या बायोडेटात आणि वधूवर सूचक मंडळांच्या फॉर्मवर अजून 'वर्ण' असा रकाना असतो आणि त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा असे भरले जाते. तो रकाना रिकामा सोडा. मंडळ चालवणारे कोणी इथे असतील तर त्यांनी तो छापूच नये. ज्या घराला तो भरून हवा असेल, त्या घरात मुलगी देण्याआधी दोनदा विचार करा.

दुसरी खेळाबद्दल. 'उन्हात खेळू नकोस, काळी होशील' हे वाक्य आपल्या घरांतून हद्दपार झाले पाहिजे. या एका वाक्याने किती मुलींचा खो-खो, कबड्डी, धावणे सुटले असेल याची कुठे नोंद नाही. साताऱ्याच्या माणदेशातली ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस शर्यतीत अंतिम फेरीपर्यंत धावली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये पदक आणले. उन्हाने रापलेली ती कांती आपल्या मुलींच्या खोलीत चित्र म्हणून लावण्यासारखी आहे.

तिसरी शाळेबद्दल. मुलांच्या रंगपेटीतल्या फिक्या गुलाबी खडूला मुले 'स्किन कलर' म्हणतात. वर्गातल्या कुणाचीही त्वचा त्या रंगाची नसते, तरी सगळी मुले आपल्या आईचे चित्र त्याच रंगाने भरतात. शिक्षकांनी एक तास यासाठी द्यावा. प्रत्येक मुलाला स्वतःचा हात कागदाशेजारी ठेवायला सांगावे आणि गेरू, पिवळा, तपकिरी, थोडा काळा, थोडा पांढरा मिसळून त्या हाताचा खरा रंग तयार करायला लावावे. चाळीस मुलांच्या वर्गात चाळीस छटा निघतील. अजिंठ्याच्या चित्रकारांना जे जमले होते ते आपल्या पाचवीतल्या मुलांनाही जमेल. त्यांना शिकवायची तयारी आपण दाखवली पाहिजे.